पुढे आलेल्या हातावर काय ठेवायचं?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला सगळं काही येतं. हरमलची मिरची येते, मयड्याची केळी येतात, चोरीसाच्या माळा येतात, मातीची भांडी येतात. आणि बाजाराच्या वाटेवर काही हातही पुढे येतात. पेडणे-डिचोलीहून कदंबातून उतरून कॉलेजला येणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ते हात पाहिले आहेत. बोडगेश्वराच्या जत्रेला ते दिसतात, मिलाग्रीसच्या फेस्ताला दिसतात, आणि जत्रा-फेस्त नसतानाही बसस्थानकावर दिसतात.

हात पुढे आला की ठरवायला आपल्याकडे दोन-चार सेकंदच असतात. कुणी खिसा चाचपतो, कुणी मोबाईलमध्ये डोकं घालतो, कुणी ‘फुडें वच’ म्हणतो. मग पुढच्या वळणापर्यंत मनात चुटपुट राहते. दिले तर वाटतं, उगाच दिले. आता तो त्याची दारू पिणार. नाही दिले तर वाटतं, दहा रुपयांनी आपलं काय गेलं असतं? दोन्हीकडून चुटपुट ठरलेलीच. याचं कारण सरळ आहे. जो प्रश्न आधी शांतपणे विचार करून सोडवायचा, तो आपण दर वेळी घाईत, रस्त्यावर उभ्या उभ्या सोडवायला जातो. म्हणून आता जरा बसून विचार करू.

भीक मागणारे आणि बेघर

आपण हे दोन शब्द एकाच माणसासाठी वापरतो, पण ती दोन वेगळी माणसं असू शकतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघर लोकांची मोजणी झाली. फुटपाथ, पुलाखालची जागा, जिने, देवळांचे मंडप, रेल्वेचे फलाट अशा ठिकाणी झोपलेली माणसं त्या रात्री मोजली गेली. ती निघाली सुमारे १७ लाख ७० हजार. त्याच जनगणनेत भीक मागणाऱ्या व भटकणाऱ्यांची संख्या होती सुमारे ४ लाख १३ हजार. म्हणजे ज्यांना घर नाही अशी बरीचशी माणसं भीक मागतच नाहीत. ती मजुरी करतात, हमाली करतात, भंगार वेचतात, हॉटेलात भांडी घासतात आणि रात्री बंद दुकानाच्या पायरीवर झोपतात. उलट भीक मागणाऱ्यांतल्या काहींना कुठेतरी झोपडी किंवा भाड्याची खोली असते.

हा फरक लक्षात घ्यायला हवा, कारण दोघांची गरज वेगळी. पायरीवर झोपणाऱ्या मजुराला तुमचे दहा रुपये नको असतात. त्याला रात्री सामान ठेवायला जागा, आंघोळीला पाणी आणि ठेकेदाराने बुडवलेला पगार हवा असतो. तो आपल्याकडे काही मागत नाही, म्हणून आपल्या मदतीच्या विचारात तो कधी येतच नाही.

माणूस रस्त्यावर येतो तो एका दिवसात येत नाही. आधी एक दोर तुटतो, मग दुसरा. काम सुटतं, मग खोली सुटते. आजार येतो, मग घरच्यांचा धीर सुटतो. नवरा गेल्यावर सासरी जागा राहत नाही. मुलगा विचारत नाही. दारू असते. मनाचा आजार असतो आणि तो आजार आहे हेच कुणाला कळत नाही. कागदांची पिशवी चोरीला जाते आणि मग आपण कोण हे सिद्ध करता येत नाही. आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. पर्यटनाच्या सीझनात काम भरपूर असतं, म्हणून दूरदूरहून माणसं येतात. पावसाळा लागला की बरंच काम थांबतं. भाषा येत नाही, ओळख नाही, आणि वर ‘घाटी’ हा एक शब्द आपण सगळ्यांसाठी तयार ठेवलेला. तुटायला फार दोर उरलेलेच नसतात.

मग पैसे द्यायचे की नाही?

या प्रश्नावर वर्गात वाद काढून बघा, हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, पैसे दिले की सवय लागते, दारूत जातात, त्यामागे टोळ्या असतात. दुसरा म्हणतो, मागणाऱ्याला नाही म्हणू नये.

दारूचा मुद्दा आधी घेऊ. काही जण त्या पैशाची दारू पितात, हे खरं आहे. पण ‘सगळे पितात’ हे खरं नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एक प्रयोग झाला. नुकत्याच बेघर झालेल्या ५० माणसांना प्रत्येकी ७५०० डॉलर एकरकमी दिले आणि वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०२३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पैसे न मिळालेल्या गटाच्या तुलनेत या लोकांचे बेघर अवस्थेतले दिवस कमी झाले, आणि दारू-सिगारेटवरचा खर्च काही वाढला नाही. अर्थात प्रयोगात घेताना जबर व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना वगळलं होतं, हेही सांगायला हवं. आणि ७५०० डॉलर म्हणजे दहा रुपये नव्हेत. त्या रकमेत खोलीचं भाडं भरता येतं, दहा रुपयांत चहा मिळतो. तरी या प्रयोगातून एवढं तरी दिसतं की गरीब माणूस पैसा हातात आला की उधळतोच, हा आपला समज तपासून घ्यायला हवा.

पोप फ्रान्सिस यांना २०१७ साली मिलानच्या ‘स्कार्प दे तेनिस’ या बेघरांशी निगडित मासिकाने हाच प्रश्न विचारला होता. देणं केव्हाही योग्यच, असं त्यांचं म्हणणं होतं. समोरचा त्या पैशाचं काय करील याची चिंता आपण करत बसू नये. पण कसं देतो याला मात्र त्यांनी महत्त्व दिलं. नाणं टाकून निघून जायचं नाही, त्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं, त्याच्या हाताला हात लागू द्यायचा.

आपल्याकडे ‘सत्पात्री दान’ म्हणतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला स्थळ, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. शिवाय परतफेडीची अपेक्षा नको आणि तिरस्काराने देणं नको. आपण ‘पात्र’ हा शब्द तेवढा उचलतो आणि समोरच्याची परीक्षा घेत बसतो. तिरस्काराचं कलम सोयीस्करपणे विसरतो. वरून टाकलेलं नाणं त्या कलमात बसत नाही.

तर व्यवहारात असं करता येईल. महिन्याला आपण किती देऊ शकतो ते घरी बसून ठरवावं, मग ते पन्नास रुपये असोत. त्यातला थोडा भाग रस्त्यावर द्यायला ठेवावा आणि मोठा भाग खाली सांगितलेल्या कामांसाठी. रस्त्यावर द्यायचे तर प्रश्न न विचारता द्यावेत. द्यायचे नसतील तर ‘आज नाही, आजी’ असं तोंडाने म्हणावं. नकारसुद्धा माणसाला दिल्यासारखा द्यावा. आपण बघितलंच नाही असं दाखवणं हे नकारापेक्षा जास्त लागतं.

जेवण आणि वस्तू

‘पैसे नको, जेवण देऊ’ हा उपाय बऱ्याच जणांना पटतो. तो चांगला आहे, पण त्यातही आधी विचारायला हवं. दात नसलेल्या आजोबांच्या हातात कडक उंडो ठेवला तर ते काय करणार? त्यांना पेज किंवा शीत-कढी हवी. एखाद्याला मधुमेह असतो आणि आपण नेमका वाढदिवसाचा केक देतो. सणाच्या दिवशी एकाच माणसापुढे पाच पुड्या येतात आणि मंगळवारी एकही नाही. ‘जेवलात का?’ हा प्रश्न आपल्याला येतोच. उत्तर कर्नाटकातून आलेली आजी असेल तर ‘अज्जी, ऊटा आय्ता?’ एवढं कन्नड शिकून घ्यायला काही खर्च येत नाही. तिचा चेहरा बघा मग. उरलंसुरलं द्यायचं असेल तर आपण स्वतः ते खाऊ का, एवढं स्वतःला विचारून द्यावं.

वस्तू देताना ऋतू बघावा. जून ते सप्टेंबर गोव्यात जो पाऊस कोसळतो, त्यात जुन्या कपड्यांचं बोचकं भिजून दोन दिवसांत कुजतं. तेव्हा लागतं जाड प्लास्टिक, छत्री, रबरी चपला, सुकी चादर, साबण, मच्छर अगरबत्ती. बायकांना सॅनिटरी पॅड लागतात आणि ते त्या मागू शकत नाहीत, म्हणून मुलींनी ते न मागता, गुपचूप द्यावेत.

मुलं मागत असतील तर

इथे मात्र नियम वेगळा आहे. मुलाच्या हातात रोख पैसे देऊ नयेत. मूल जितकं जास्त कमवतं तितकी त्याची शाळेत जायची शक्यता कमी होते, कारण मग त्याचं रस्त्यावर असणं कुणाच्या तरी फायद्याचं ठरतं. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७६ व्या कलमानुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी मुलाला अपंग केलं असेल तर किमान सात वर्षांची कैद आहे. म्हणजे टोळीचा संशय खरा असला तरी त्यात ते मूल गुन्हेगार ठरत नाही, त्याच्यावरच गुन्हा झालेला असतो. त्याला हाकलून काय साधणार? १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करावा. जागा, वेळ आणि बरोबर कोण होतं ते सांगावं. भूक लागली असेल तर आपल्यासमोर खाऊ घालावं. फोटो काढून स्टेटसला लावू नये. त्या मुलालाही उद्या मोठं व्हायचं आहे.

आजारी माणूस दिसला तर

जखम चिघळलेली, ताप, बेशुद्धी असं काही दिसलं तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी रस्त्याच्या कडेला पडलेल्या माणसासाठी तो फोन सहसा लवकर जात नाही, कारण ‘प्यालेला असेल’ म्हणून आपण पुढे जातो. प्यालेला असला तरी तो मरू शकतो. आपल्याकडे जिल्हा इस्पितळ म्हापशातच, पेड्याला आहे. जुनी माणसं अजून त्याला आझिलो म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘आझिलो’चा अर्थच आसरा. इस्पितळात नेलेल्या बेवारस माणसाची खरी अडचण पुढे येते. त्याच्या बाजूला बसायला, चिठ्ठी घेऊन औषध आणायला, डॉक्टरांना काय झालं ते सांगायला कुणी नसतं. दोन विद्यार्थ्यांनी आळीपाळीने दोन-दोन तास बसणं हे कुठल्याही देणगीपेक्षा मोठं काम आहे.

मनाचा आजार असलेली माणसं वेगळी ओळखू येतात. अंगावर थरावर थर कपडे, स्वतःशी बोलणं, जमवलेल्या पिशव्या. त्यांना आपण ‘वेडा’ म्हणून बाजूला टाकतो. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली अशाच एका तरुणाला रस्त्यावर नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना पाहिलं. उपचारांनंतर कळलं की तो शिकलेला, चांगल्या घरातला मुलगा होता. त्यातून श्रद्धा पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर कर्जतला उपचार करून त्यांना देशभरात आपापल्या घरी पोचवण्याचं काम ते करतात. २०१८ साली डॉ. वाटवानींना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कायदाही इथे आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १०० व्या कलमाप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायला हवं, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. आपण स्वतः ओढाताण करायची नाही. पोलिसांना कळवायचं आणि कलम माहीत असल्याचं नम्रपणे सांगायचं. बांबोळीला मनोरुग्णालय आहे, आणि सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. वृद्ध निराधारांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

एक कागद

रस्त्यावरच्या माणसाला सगळ्यात जास्त काय कमी असतं? माझ्या मते कागद. आधार नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून पेन्शन नाही, पत्ता नाही म्हणून रेशन नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना दोन हजार रुपये एखाद्या म्हाताऱ्या बाईला रस्त्यावरून उचलू शकतात; पण त्यासाठी गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. पायरीवर पंधरा वर्षं काढलेली बाई तो पुरावा कुठून आणणार?

इथे शिकलेल्या माणसाचा उपयोग होतो. आधारसाठी पत्त्याचा कागद नसेल तर राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा नगरसेवक ठरावीक नमुन्यात दाखला देऊ शकतात; निवारागृहाचा प्रमुखही देऊ शकतो. मतदार यादीचा नियम तर मुद्दाम वाचण्यासारखा आहे. बेघर माणूस रात्री जिथे झोपतो तीच त्याची जागा धरली जाते. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, दुसऱ्या कागदाची गरज नसते. देशाच्या लेखी दुकानाची पायरी हाही पत्ता असू शकतो. हे नियम ज्याच्यासाठी केले त्याला ते माहीत नसतात. आपल्याला मात्र अर्ज वाचता येतो, भरता येतो, रांगेत उभं राहता येतं.

एकट्याने होत नाही तेव्हा

भल्या शोमरोन्याची गोष्ट आपण प्रार्थनासभेत अनेकदा ऐकली आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या गोष्टीचा शेवट जरा सावकाश वाचून बघा. तो जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, खाणावळीत नेतो. मग दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी देतो आणि सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे प्रथमोपचार, वाहन, निवारा, पैसा आणि पुन्हा येऊन चौकशी. पैसा यात आहे, पण चौथ्या क्रमांकावर. आणि खाणावळ नसती तर त्या भल्या माणसाची दयाही रस्त्यातच अडकली असती.

ती खाणावळ म्हणजे आजच्या संस्था. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) हे पुरतं कळलं होतं. स्वतः हातात खराटा आणि गाडगं घेऊन फिरले, पण मिळालेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था ठिकठिकाणी वृद्धाश्रम चालवते. आपल्या सीमेपलीकडे, कुडाळ तालुक्यातल्या पणदूरला, संदीप परब यांच्या जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम रस्त्यावरच्या निराधारांना सांभाळतो. पेडण्याहून तो काही फार लांब नाही. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळं, मशिदी, चर्च यांच्या बाहेर बसणाऱ्यांवर जागेवरच उपचार करतात. पण औषध हे त्यांचं ओळख करून घ्यायचं निमित्त असतं. ओळख झाली की ते विचारतात, काम करशील का? भीक मागणाऱ्या आज्यांची त्यांनी ‘खराटा पलटण’ केली. त्या सार्वजनिक जागा झाडतात आणि मोबदला घेतात.

संस्थेला द्यायचं तर थोडं पण दर महिन्याला द्यावं. दिवाळीला आणि नाताळला सगळेच देतात. आश्रमातली माणसं जुलैतही जेवतात.

कायदा आणि नगरपालिका

भीक मागणं हा गुन्हा, अशी आपल्याकडची जुनी समजूत. मुंबई प्रांताचा कायदा १९५९ चा, गोव्याचा १९७२ चा. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे लागू असलेल्या मुंबईच्या कायद्यातली शिक्षेची बरीच कलमं रद्द केली. जगण्याचं साधन देता येत नसेल तर मागण्याला गुन्हा कसं म्हणणार, असा त्यामागचा विचार होता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही भीक मागणाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. २०२२ साली केंद्राने ‘स्माइल’ योजना आणली, तिच्यात भर आहे तो पुनर्वसनावर.

निवाऱ्याचाही हिशेब ठरलेला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा निवारा असावा, असं म्हटलं होतं. म्हापशाची लोकसंख्या २०११ साली सुमारे ४० हजार होती. या प्रमाणात आपल्या शहराच्या वाट्याला चाळीस खाटा येतात. चाळीस खाटा, दोन न्हाणीघरं, सामान ठेवायला कपाटं आणि एक रात्रपाळीचा माणूस. शहर म्हणून हे आपल्याला जड नाही. नगरसेवक मतं मागायला दारात येतात तेव्हा गटार आणि रस्त्याबरोबर हाही प्रश्न विचारता येतो.

मग शुक्रवारी पुढे आलेल्या हाताचं काय? द्यायचे असतील तर दहा रुपये द्या, त्यात चूक काही नाही. पण त्याबरोबर नाव विचारा. पुढच्या शुक्रवारी त्या नावाने हाक मारा. तिसऱ्या शुक्रवारी ती व्यक्ती आपण होऊन सांगेल की पायाला काय झालंय, आधार कार्ड कुठे हरवलं, मुलगा कुठल्या गावी असतो. मदत कुठून सुरू करायची ते तिथे कळतं. एका विद्यार्थ्याने वर्षभरात एकाच माणसाचा एक कागद पुरा केला तरी खूप झालं. मृगाचा पाऊस लागायच्या आत सुरुवात केली तर आणखी बरं.